उशीर करणाऱ्यांचा फळा

सोमवार, ता. ३

आज फळा लिहिला. सोमवारची सकाळ मी दुसऱ्या कशाला देत नाही. वाचनालयात शिरलं की डाव्या हाताला तो टांगलेला आहे. वर मथळा 'उशीर करणारे'. खाली सदस्याचं नाव, पुस्तकाचं नाव आणि परत करायची शेवटची मुदत. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त होऊन मी इथे मानद चिटणीस झाले, तेव्हा निम्मी पुस्तकं लोकांच्या उशाखाली होती. फळा लावला आणि कपाटं भरली. माणूस देवाला भीत नाही, कायद्याला भीत नाही, पण शेजारी वाचेल या विचाराने रात्रीत पुस्तक शोधून काढतो.

अक्षर माझं कॉन्व्हेंटचं. सिस्टर हातात पट्टी घेऊन मागे उभ्या राहायच्या, त्यामुळे वेलांटीसुद्धा अंग चोरून उभी राहते. लोक नुसतं अक्षर बघायला थांबतात.

या आठवड्यात फळ्यावर चौघं आहेत. नावं इथे लिहीत नाही. दैनंदिनी ही खाजगी वस्तू, उद्या कोणाच्या हाती पडली तर? ज्याला हवीत त्याने फळा वाचावा.

एका सदस्येबद्दल मात्र लिहायलाच हवं, कारण तिने डोकं उठवलंय. दुपारी येते, निळी छत्री घेऊन. पंख्याखालची चांगली खुर्ची सोडून कोपऱ्यात जाऊन बसते, भिंतीला पाठ लावून, तोंड दाराकडे. दार उघडलं की मान वर. अशाने वाचन कसं होणार? नावाने हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ देत नाही, स्वतःचंच नाव नवीन असल्यासारखी बघते. समोर कायद्याचं पुस्तक आणि त्यावर विणकामाचं मासिक उघडं. मी एकदा म्हटलं, "काय ते एक वाचा." तर म्हणाली, "दोन्ही लागतं, बाई." धरसोड वृत्ती, दुसरं काय.

बुधवार, ता. ५

आज इतिहास घडला, आणि मी जागेवर होते.

दुपारी एक इन्स्पेक्टर आले. उंच, इस्त्रीचे, मिशी मोजून कापलेली. मोटरसायकल थेट पायरीशी लावली. आमच्या ग्रंथपालांना मी मनात 'शांतता राखा' म्हणते, कारण ती पाटी त्यांच्या डोक्यावर आहे आणि तेवढी एकच आज्ञा ते मनापासून पाळतात. ते गणवेश बघूनच उभे राहिले. माझ्यासाठी कधी उभे राहिले नाहीत.

इन्स्पेक्टरांनी खिशातून प्लास्टिकची पिशवी काढून टेबलावर ठेवली. आत आमची खूण! पुस्तकात घालायची पुठ्ठ्याची खूण, वर माझंच वाक्य: 'पानाचा कान दुमडू नका.' खुणेवर पांढरी भुकटी होती. बोटांचे ठसे घ्यायची पावडर, मी लगेच ओळखली.

"ही कुठे मिळाली?" मी विचारलं.

"चौकशीच्या जागी. ते महत्त्वाचं नाही. गेल्या वर्षभरात कायद्याची पुस्तकं कोणी कोणी नेली, ते हवंय. बायकांपुरतं सांगितलंत तरी चालेल."

"कशाबद्दल?"

"गोपनीय आहे, मॅडम. सुरक्षेचा प्रश्न."

'शांतता राखा'चा हात ड्रॉवरकडे गेलेला मी पाहिला. मी माझी पर्स ड्रॉवरवर ठेवली आणि पर्सवर कोपर.

"कोर्टाचा लेखी हुकूम आणलाय?"

"एवढ्याशा गोष्टीला हुकूम?"

"एवढीशीच गोष्ट आहे तर तुमच्यासारखा मोठा माणूस का आला?"

ते हसले. मग 'सरकारी कामात अडथळा' वगैरे सुरू केलं. मी म्हटलं, "सरकारी काम असलं की सरकारी कागद असतो. मी आयुष्यभर सरकारी नोकरी केली, मला कागदाशिवाय कोणी पेन्सिल दिली नाही. एक्स्चेंजमध्ये अख्ख्या गावाचं बोलणं या कानांतून गेलंय, या तोंडातून काही बाहेर आलं नाही. वाचनालयात काय वाचलं हे वाचणारा जाणे आणि पुस्तक जाणे."

शिवाय आमची पद्धत त्यांना समजावून दिली. पुस्तक दिलं की त्याचं कार्ड सदस्याच्या पुठ्ठ्याच्या खिशात घालून ड्रॉवरमध्ये. पुस्तक परत आलं की कार्ड पुस्तकात, खिसा सदस्याच्या हातात. मागे काही म्हणजे काही उरत नाही. ड्रॉवरमध्ये असतं ते फक्त आज बाहेर असलेल्या पुस्तकांचं, आणि तो ड्रॉवर हुकमाशिवाय उघडणार नाही.

गेले. पायरीवरून उतरताना मोटरसायकलला उगाच लाथ घातली.

घरी वहिनीला सगळं सांगितलं. (वहिनी माझ्या दिवंगत भावाची बायको. आम्ही दोघी एका घरात राहतो आणि एकमेकींचं ऐकत नाही.) ती भाजी चिरत म्हणाली, "पण वन्सं, सुरक्षेचा प्रश्न बायकांपुरताच कसा?"

मी म्हटलं, "क्रांती करणाऱ्या बायका असतात, वहिनी. तुला कल्पना नाही."

"नसेल," ती म्हणाली. "मला आपलं भाजीचं कळतं."

शुक्रवार, ता. ७

अध्यक्षमहाशयांनी तातडीची सभा बोलावली. अध्यक्ष पूर्वी इमारती बांधायचे. वाचनालयाची मागची भिंत त्यांचीच, तीन ठिकाणी तडकलेली. म्हणाले, "चिटणीसबाई, पोलिसांशी वाकडं कशाला? लपवण्यासारखं काही नसेल, तर दाखवायला हरकत काय?"

"मग शौचालयाला कडी कशाला लावता?" मी विचारलं.

सभेत दोघं हसले, अध्यक्ष हसले नाहीत. म्हणाले, "माझं काय ते खुशाल दाखवा. मी उघडं पुस्तक आहे."

उघडं, पण कोरं. इतक्या वर्षांत त्यांनी एकच पुस्तक नेलंय. कोणतं, ते मी मरेपर्यंत सांगणार नाही, इथेही लिहिणार नाही. एवढंच लिहिते की केस काही उगवले नाहीत.

ठराव माझ्या बाजूने झाला: हुकमाशिवाय माहिती नाही. रात्री छान झोप लागेल.

सोमवार, ता. १०

फळा लिहिला. यंदा पहिल्यांदाच निळ्या छत्रीवालीचं नाव आलं. घटस्फोटाचा कायदा आणि बायकांचे हक्क यांवरचं जाडजूड पुस्तक तिने घरी नेलं आणि मुदत उलटून गेली. वर विणकामाचं मासिक झाकून वाचण्याइतकी लाज आहे, तर वेळेवर आणण्याइतकी का नाही?

मी तिचं नाव लिहीत असतानाच ती दारात उभी. छत्री मिटायची विसरली होती.

"बाई, नाव लिहायलाच हवं का?"

"उशीर करायलाच हवा होता का?"

"पुस्तक माझ्याकडे नाहीये आत्ता, मैत्रिणीकडे ठेवलंय. शुक्रवारी चारला नक्की आणते. तेवढं नाव..."

"नियम सगळ्यांना सारखा. गेल्या महिन्यात डॉक्टरांचं नाव होतं, ते काही मेले नाहीत."

मी तिच्यासमोरच मुदतीच्या रकान्यात लिहिलं: 'शुक्रवार ता. १४, दुपारी चार.' तिने स्वतः दिलेली वेळ आहे, आता सबब सांगता येणार नाही. ती फळ्याकडे बघत उलट्या पावली गेली. आत आलीच नाही. हल्लीच्या बायकांना शिस्त म्हणजे अपमान वाटतो.

मंगळवार, ता. ११

इन्स्पेक्टर पुन्हा आले. हुकूम नाहीच. या वेळी आवाजात साखर.

"मॅडम, यादी राहू द्या. एवढंच सांगा, अशी कोणी बाई येते का, जी कुठेही गेली तरी भिंतीला पाठ लावून बसते? दाराकडे तोंड करून?"

मी म्हटलं, "आमच्याकडे भिंती चार आहेत आणि बायका पुष्कळ."

काय उत्तर होतं! मदर सुपीरियर म्हणायच्या, खोटं बोलू नये. विचारलेलं सगळं सांगावं असं मात्र त्या कधी म्हणाल्याचं मला आठवत नाही. इन्स्पेक्टरांनी ओळखलं की इथे डाळ शिजणार नाही. जायला निघाले, आणि फळ्यासमोर थांबले. बराच वेळ. टोपी काढून काखेत धरली.

"अक्षर कोणाचं?"

"माझं."

"सुंदर आहे. अगदी स्वच्छ वाचता येतं."

आणि खरोखर मनापासून म्हणाले. जाताना मला सलाम ठोकला! माणूस धंद्याने कसाही असो, संस्कार कुठेतरी असतात. 'शांतता राखा'ला म्हटलं, "बघा, ठामपणे वागलं की पोलिससुद्धा आदर करतात." ते फळ्याकडे बघत होते. बोलले नाहीत. पाटीच तशी आहे.

गुरुवार, ता. १३

आज लिहू नये असं वाटलं, तरी लिहिते.

वाचनालयाला आज सुट्टी. दुपारी चहा पिताना वहिनीला मंगळवारची हकिगत पुन्हा सांगत होते. तिसऱ्यांदा सांगत होते असं ती म्हणते. चार भिंतींचं उत्तर आलं की मी थांबते, तिने हसावं म्हणून. ती हसली नाही.

"वन्सं, ती भिंतीला पाठ लावून बसते, हे त्याला कसं ठाऊक?"

"पोलिस आहे तो. त्यांना सगळं ठाऊक असतं."

"नाव ठाऊक नाही, आणि बसायची सवय ठाऊक?" तिने कप खाली ठेवला. "तुमचे भाऊ हॉटेलात नेहमी खिडकीकडे पाठ करून बसायचे. डोळ्यांवर उजेड नको म्हणून. हे जगात मला ठाऊक होतं. पोलिसांना नव्हतं."

मी बशीत चहा ओतला.

"आणि त्या पिशवीतली पांढरी पावडर," ती म्हणाली, "पीठ असेल. बायका वस्तू लपवतात कुठे? पिठाच्या डब्यात. तिथे नवरा हात घालत नाही. बायको घर सोडून गेली आणि तो शोधायलाच बसला, तर घालतो."

नावाच्या पहिल्या हाकेला ओ न देणारी. माहेरचं नाव असणार, कित्येक वर्षांत कोणी हाक न मारलेलं. दाराकडे तोंड. विणकामाच्या मासिकाखालचा कायदा. मी धरसोड वृत्ती म्हणाले होते.

"बाई गं," वहिनी म्हणाली, "पण तुम्ही तर काही सांगितलं नाहीत ना त्याला?"

नाही. मी काही सांगितलं नाही. मी पर्सवर कोपर ठेवलं, ठराव करून घेतला, कोर्टाचा हुकूम मागितला. फक्त ड्रॉवरमध्ये जे होतं ते सगळं मी दारात, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर, सिस्टरांनी शिकवलेल्या अक्षरात लिहून ठेवलं होतं. तिचं नाव. पुस्तक. आणि उद्या ती किती वाजता येणार, तेही.

अगदी स्वच्छ वाचता येतं.

तिचा पत्ता सदस्यांच्या नोंदवहीत आहे, वाचनालय बंद आहे आणि सुट्टीच्या दिवशी किल्ली अध्यक्षांकडे असते. त्यांच्याकडे मागायला गेले तर मी घरी पोचायच्या आत इन्स्पेक्टरांना फोन. म्हणजे एकच राहतं. तिला रस्त्यात गाठायचं.

शुक्रवार, ता. १४

वाचनालयाकडे यायला दोन वाटा. एक बाजाराकडून, एक शाळेकडून. जेवण झाल्याबरोबर वहिनीला शाळेच्या वाटेवर औषधाच्या दुकानापाशी उभं केलं आणि मी बाजाराच्या वाटेवर शिंप्याच्या पायरीशी उभी राहिले. वहिनीला खूण सांगितली होती, निळी छत्री. तिने तीन निळ्या छत्र्या अडवल्या. एकीने तिला वर्गणी मागणारी समजून सुटे पैसे दिले, एकीने शिव्या. तिसरी तिच्या माहेरची कोणी निघाली, आणि दोघी गप्पा मारत बसल्या. तरी बरं, खरी छत्री माझ्या वाटेने आली.

मोटरसायकल केव्हाच वाचनालयाच्या पायरीशी लागली होती. आज गणवेश नव्हता.

"मागे फिरा," मी तिला म्हटलं. "तो आत बसलाय."

कोण, हे तिने विचारलं नाही. शिंप्याच्या पायरीवर बसली. इथेही भिंतीला पाठ लावून. शिंप्याने मशीन थांबवलं, तिच्याकडे पाहिलं आणि दारावरचा पडदा ओढून घेतला. कोणी सांगितलं नव्हतं.

"तुम्हाला कसं कळलं ते कोण आहेत?"

"मला नाही कळलं. माझ्या भावजयीला कळलं. मी शहाणी आहे ना, मला वेळ लागतो."

"आणि त्यांना कसं कळलं, मी आज येणार?"

एक्स्चेंजमध्ये असताना अशा वेळी आम्ही 'लाईन व्यस्त आहे' म्हणायचो.

"माझ्या फळ्यामुळे," मी म्हटलं.

ती रडेल असं वाटलं होतं, ओरडेल असंही. तिने फक्त मान डोलावली. "मी म्हटलं होतं तुम्हाला," म्हणाली. त्यापेक्षा कानाखाली मारली असती तर बरं झालं असतं. मग पिशवीतून पुस्तक काढून माझ्यापुढे धरलं. "घ्या. उशीर झाला. शेवटचं प्रकरण राहिलंय वाचायचं. मुलं कोणाकडे राहतात त्याचं."

मला तोपर्यंत ठाऊकच नव्हतं, मुलं आहेत.

आयुष्यात मी कोणाला मुदत वाढवून दिलेली नाही. डॉक्टरांना नाही, सख्ख्या भावाला नाही. ते पुस्तक मी तिच्या पिशवीत परत घातलं. "वाचून होईपर्यंत ठेवा. आणि गावात राहू नका."

"आज रात्रीच्या गाडीने बहिणीकडे जातोय. मुलं स्टेशनवर आहेत, मैत्रिणीबरोबर. हे परत करायला म्हणून तेवढी आले."

पळून निघालेली बाई आधी वाचनालयाचं पुस्तक परत करायला आली होती, कारण फळ्यावर नाव लागलं होतं. सिस्टर, तुमची पट्टी पोचली बरं कुठल्या कुठे.

छत्री मी ठेवून घेतली, माझी काळी तिला दिली. ती बाजाराच्या वाटेने गेली. वळणापर्यंत मी बघत होते.

मग आत गेले. इन्स्पेक्टर तिच्याच खुर्चीवर बसले होते. अध्यक्ष शेजारी चहा पाजत होते. 'शांतता राखा' कार्डांत तोंड खुपसून. चार वाजून गेले होते. मी निळी छत्री कोपऱ्यात उभी केली, आणि ते खुर्चीतून अर्धे उठले. मग माझं तोंड पाहून पुन्हा बसले. मी फळ्यापाशी गेले, डस्टर घेतलं, तिचं नाव पुसलं आणि त्या जागी माझं लिहिलं. पुस्तकाचं नाव तसंच ठेवलं.

"हे काय?" इन्स्पेक्टर उठून आले.

"चूक दुरुस्त केली. पुस्तक माझ्याकडे आहे. नाव चुकून भलतंच पडलं."

"तुमच्याकडे? घटस्फोटाच्या कायद्याचं?" त्यांनी अध्यक्षांकडे पाहिलं. "मॅडम तर अविवाहित आहेत असं ऐकलं."

"आहे ना," मी म्हटलं. "आधी वाचून घेतलं, म्हणून."

'शांतता राखा' हसले. मोठ्याने! पाटीखाली बसून! अध्यक्षांच्या बशीत चहा सांडला.

इन्स्पेक्टर माझ्या अगदी जवळ आले. आवाज खाली. "ती छत्री कुठून आली?"

"दुकानातून. लेखी हुकूम आणा, पावती दाखवते."

क्षणभर मला त्यांच्या हाताची भीती वाटली. सभा, ठराव, कोपर, सगळं मोठमोठ्या तोऱ्यात केलं होतं, पण तो हात जवळून बघितल्यावर कळलं की दाराकडे तोंड करून का बसतात. ते वाचनालय बंद होईपर्यंत दाराकडे बघत बसले. मीही बसले. रात्रीची गाडी सुटायच्या वेळेपर्यंत मी एकेक कपाट झटकत राहिले आणि 'शांतता राखा' कार्डं पुन्हा पुन्हा लावत राहिले. बंद करायची वेळ केव्हाच टळून गेली होती. आज वाचनालयच उशीर करणाऱ्यांत होतं.

शनिवार, ता. १५

मदर सुपीरियर, खोटं बोलले. दोन वेळा. तिसऱ्यांदाही बोलेन.

दुपारी इन्स्पेक्टरांच्या वरिष्ठांकडे तक्रार लिहिली: आपला अधिकारी सरकारी वेळ आणि सरकारी दरारा वापरून स्वतःच्या बायकोला शोधत हिंडतो. तीन पानं. अक्षर चांगलं आलं.

वहिनी म्हणाली, "वन्सं, फळ्याचं काय करणार?"

"काय करणार म्हणजे?"

"नाही, म्हटलं डॉक्टरांचं नाव मागच्या महिन्यात होतं. मूळव्याधीचं पुस्तक होतं. सगळ्या गल्लीला कळलं. ते बिचारे अजून बसताना लोक बघतात."

मी म्हटलं मला जेवायचं नाही. ती म्हणाली जेवावं लागेल. जेवले.

मंगळवार, ता. २५

वरिष्ठांचं उत्तर आलं. भाषा अतिशय सभ्य. तक्रारीची गंभीर दखल घेतली आहे. चौकशी करता यावी म्हणून सदर महिलेचं पूर्ण नाव, सध्याचा पत्ता आणि तिने वाचलेल्या पुस्तकांचा तपशील कळवावा.

वहिनीला वाचून दाखवलं. ती हसता हसता डोळे पुसायला लागली, मग पुसतच राहिली.

उत्तर एका ओळीत लिहिलं: 'सदस्याने पुस्तक परत केल्यावर आमच्याकडे काही उरत नाही.' केलेलं नाही, ही गोष्ट वेगळी. दोनाची तीन झाली, मदर.

सोमवार, ता. ३१

फळा लिहिला. अध्यक्ष म्हणाले, आता फळा काढूनच टाका, शोभा झाली. मी म्हटलं, राहू द्या.

बाकीच्या सगळ्यांना 'शांतता राखा' बंद पाकिटातून आठवण पाठवतात. कोण काय वाचतं, मलाही दाखवत नाहीत. विचारलं तर डोक्यावरच्या पाटीकडे बोट करतात. पुस्तकं पूर्वीपेक्षा हळू परत येतात, पण येतात. ते जाड पुस्तक आलेलं नाही. टपालाने नाही, कोणाबरोबर नाही. शेवटचं प्रकरण मोठं असणार. मी वाट बघत नाही.

कोपऱ्यातली खुर्ची रिकामी असते. पंख्याखालच्या खुर्चीवर भांडणं होतात, तरी तिच्यावर कोणी बसत नाही. मी बसून बघितलं. दार अगदी समोर दिसतं, आणि दारातून रस्ता.

मोटरसायकल अजून अधूनमधून हळू होते आणि पुढे जाते. म्हणजे सापडलेली नाही.

फळ्यावर आता एकच नाव असतं. माझं. पुस्तकाचं नावही पूर्ण लिहिते. आज अक्षर मुद्दाम मोठं काढलं. रस्त्यावरूनही स्वच्छ वाचता यावं.